राखाडी पडलेली बाळं : क्लोरॅम्फेनिकॉल आणि नवजात यकृत, १९५९

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या २४ डिसेंबर १९५९ च्या अंकात चार पानांचा एक लेख आला. लेखक तिघं : बर्न्स, हॉजमन आणि कॅस. लॉस एंजेलिस काउंटी हॉस्पिटलात त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला होता. पाणमोट फुटून चोवीस तास उलटले आणि त्यानंतर अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं, तर त्याला जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो. अशा बाळाला लक्षणं दिसायची वाट न बघता पहिल्या दिवसापासूनच अँटिबायोटिक द्यावं का? द्यायचं तर कुठलं?

त्यांनी बाळांचे चार गट केले. पहिल्या गटाला काहीच औषध नाही. दुसऱ्याला पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. तिसऱ्याला फक्त क्लोरॅम्फेनिकॉल. चौथ्याला ही तिन्ही औषधं. त्या काळच्या कुठल्याही डॉक्टरला विचारलं असतं, तर चौथ्या गटाची बाळं सर्वांत सुरक्षित आणि पहिल्या गटाची सर्वांत धोक्यात, असंच उत्तर मिळालं असतं.

झालं उलटं. औषध न मिळालेल्या ३२ बाळांपैकी ६ दगावली, म्हणजे १९ टक्के. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ३३ पैकी ६, म्हणजे १८ टक्के. एकटं क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेल्या ३० पैकी १९ गेली, ६३ टक्के. तिन्ही औषधं मिळालेल्या ३१ पैकी २१, ६८ टक्के.

क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेली बाळं एकूण ६१, त्यांतली ४० दगावली. बाकीच्या दोन गटांइतकंच मृत्यूचं प्रमाण इथे असतं, तर ११-१२ मृत्यू झाले असते. उरलेली अठ्ठावीस-एकोणतीस बाळं कमी दिवसांची होती म्हणून गेली नाहीत आणि जंतूंमुळेही गेली नाहीत. ती औषधाने गेली. हे औषध त्यांना आजार होऊ नये म्हणून दिलं होतं.

औषधावरचा विश्वास

क्लोरॅम्फेनिकॉल त्या वेळी काही संशयित औषध नव्हतं. व्हेनेझुएलात काराकासजवळच्या मातीतून मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते वेगळं केलं गेलं आणि १९४७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पार्क-डेव्हिस कंपनीने ते १९४९ मध्ये 'क्लोरोमायसेटिन' या नावाने बाजारात आणलं. त्याचा रेणू इतका आटोपशीर होता की बुरशी-जिवाणू न वाढवता, निव्वळ रसायनशाळेतल्या प्रक्रियेने ते कारखान्यात तयार करता येऊ लागलं. अँटिबायोटिकच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. १९४८ मध्ये क्वालालंपूरला स्क्रब टायफस या किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर त्याची चाचणी चालू असताना काही रुग्ण प्रत्यक्षात टायफॉइडचे निघाले आणि तेही बरे होऊ लागले. तोवर टायफॉइडवर हमखास उतारा असा नव्हताच. आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'मुदतीचा ताप' आणि त्यावरच्या या कॅप्सूल चांगल्या आठवत असतील. डोळ्यांत घालायच्या क्लोरोमायसेटिन ॲप्लिकॅप तर कित्येक घरांच्या औषधाच्या डब्यात असायच्या. (१९७२ मध्ये केरळात कालिकतला टायफॉइडच्या जंतूंनी याच औषधाला दाद देणं सोडलं, पण ती वेगळी गोष्ट.)

नवजात बाळांच्या वॉर्डांत हे औषध कसं शिरलं, हे समजून घ्यायला हवं. १९५० च्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू जगभरच्या प्रसूतिगृहांत धुमाकूळ घालत होता. क्लोरॅम्फेनिकॉल त्याच्यावर चालायचं, शिवाय ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात त्या दुसऱ्या मोठ्या गटातल्या जंतूंवरही चालायचं. तोंडावाटे देता यायचं, शरीरात सगळीकडे, अगदी मेंदूभोवतीच्या द्रवातही पोचायचं. म्हणजे कागदावर आदर्श औषध.

त्याचा एक दोष तोवर उघड झाला होता. काही थोड्या रुग्णांत ते अस्थिमज्जेतलं रक्त बनवण्याचं काम कायमचं बंद पाडतं, हे कळल्यावर १९५२ मध्ये अमेरिकेत लेबलवर इशारा छापला जाऊ लागला. मला वाटतं, या इशाऱ्याने एक नकळत घोळ केला. डॉक्टरांचं लक्ष रक्ताच्या तपासणीकडे लागलं. पांढऱ्या पेशी ठीक, हिमोग्लोबिन ठीक, म्हणजे औषध सोसतंय असं समजलं जायचं. हृदय आणि रक्ताभिसरण यांच्यावर घाव बसेल अशी कुणाला शंकाच नव्हती.

लॉस एंजेलिसच्या बाळांना दिलेली मात्रा दिवसाला किलोमागे सुमारे १०० ते १६५ मिलिग्रॅम होती. मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे वजनाच्या हिशेबानेही या बाळांना प्रौढाच्या दुपटी-तिपटीने औषध मिळत होतं.

मरण आजारासारखंच दिसत होतं

लक्षणांचा क्रम ठरलेला होता. पहिले दोन-तीन दिवस सगळं ठीक. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं. उलट्या. पोट फुगायचं. श्वास भरभर आणि अनियमित. ओठ, नखं निळसर. कधी सैल हिरवी शी. पुढच्या चोवीस तासांत अंग लुळं पडायचं, गार व्हायचं, रक्तदाब उतरायचा आणि कातडीचा रंग राखेसारखा व्हायचा. या रंगावरूनच पुढे 'ग्रे बेबी सिंड्रोम' हे नाव पडलं. काही बाळं लक्षणं सुरू झाल्यापासून काही तासांतच गेली. औषध वेळीच थांबवलं, तर मात्र बरीचशी बाळं दीड-दोन दिवसांत सावरायची आणि मागे काही व्यंग राहायचं नाही.

आता हीच लक्षणं घेऊन नवजात विभागातल्या कुणाही परिचारिकेकडे जा. दूध सोडलं, पोट फुगलं, अंग गार, रंग उडाला. ती म्हणेल, 'सेप्सिस.' आणि ते बरोबरच असेल, कारण जंतुसंसर्ग रक्तात पसरलेलं कमी दिवसांचं बाळ नेमकं असंच दिसतं. मग डॉक्टर काय करणार? अँटिबायोटिक वाढवणार, निदान चालू तरी ठेवणारच.

या प्रकरणाचा सगळा पेच इथे आहे. औषधाची विषबाधा आणि ज्या आजारासाठी औषध चाललंय तो आजार, दोन्हींचं रूप एकच. एकेका बाळाच्या खाटेपाशी उभं राहून हा फरक दिसणं शक्य नव्हतं, डॉक्टर कितीही अनुभवी असला तरी. शवविच्छेदनातही ठळक असं काही मिळायचं नाही. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या सदरलंड यांनी भरपूर क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेली तीन बाळं अचानक रक्ताभिसरण कोसळून गेल्याचं छापलं होतं. त्यांना शंका आली हे त्यांचं मोठेपण. पण तीन मृत्यूंवरून 'असेल योगायोग' म्हणून सहज पुढे जाता येतं. ज्या वॉर्डात सगळ्याच बाळांना हे औषध मिळत होतं, तिथे हे मृत्यू अपुऱ्या दिवसांच्या खात्यात जमा होणं अगदी स्वाभाविक होतं.

लॉस एंजेलिसमध्ये ते उघडकीला आलं ते ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या ३२ बाळांमुळे. 'धोका माहीत असताना बाळाला औषधाशिवाय ठेवायचं?' हा प्रश्न तेव्हाही अवघड होता, आजही आहे. परंतु तो गट नसता, तर ६३ आणि ६८ हे आकडे वाईट वाटले असते इतकंच. कशाच्या तुलनेत वाईट, हे कळलं नसतं. पेनिसिलिनच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली : अँटिबायोटिक देणं हेच मुळात घातक नव्हतं. दोष एका विशिष्ट औषधाचा होता.

अशी चपराक नवजात-वैद्यकाला पहिल्यांदा बसत नव्हती. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांत दोन प्रतिबंधक उपचारांची तुलना केली. पेनिसिलिनसोबत सल्फिसॉक्साझोल मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि मेंदूत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, साचल्याच्या खुणाही जास्त सापडल्या. हे सल्फा औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरची बिलिरुबिनची जागा बळकावत होतं आणि सुटं झालेलं बिलिरुबिन मेंदूत घुसत होतं. क्लोरॅम्फेनिकॉलप्रमाणेच तिथेही गाठ पडली होती ती नवजात यकृताच्या अपुऱ्या कामाशी.

यकृतात काय चाललं होतं

क्लोरॅम्फेनिकॉल शरीराबाहेर जातं कसं? मोठ्या माणसाच्या यकृतात त्याच्या रेणूला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडलं जातं. जोडणी झाली की औषध निष्प्रभ आणि पाण्यात विरघळणारं होतं, मग मूत्रपिंड ते लघवीतून टाकून देतं. सुमारे ९० टक्के औषध या वाटेने जातं. मूळ रूपात लघवीत उतरतं ते जेमतेम दहा टक्के. जोडणी करणाऱ्या एन्झाइमांच्या कुळाला यूजीटी म्हणतात. त्यातला यूजीटी२बी७ हा सदस्य या औषधाचं मुख्य काम बघतो, हे बरंच नंतर कळलं.

१९६० मध्ये वाइस, ग्लाझ्को आणि वेस्टन यांनी बाळांच्या रक्तात औषध किती वेळ टिकतं हे मोजून छापलं. यातले ग्लाझ्को पार्क-डेव्हिसचेच शास्त्रज्ञ. कंपनीच्या माणसाने आपल्याच औषधाचा दोष इतक्या नेटकेपणी उलगडावा, हे नोंदवण्याजोगं आहे. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला, म्हणजे औषधाच्या एका अर्धायुष्याला, मोठ्या मुलांत चार तासांच्या आसपास लागत होते. दहा-सोळा दिवसांच्या बाळांत सुमारे दहा तास. एक-दोन दिवसांच्या बाळांत सुमारे २६ तास.

या तीन आकड्यांवरून बाकीचं गणित कुणालाही करून बघता येतं. औषध दर सहा तासांनी दिलं असं धरू आणि पहिल्या मात्रेनंतरची पातळी म्हणजे १ असं मानू. अर्धायुष्य चार तासांचं असलेल्या मुलात पातळी वाढत वाढत १.५ च्या थोडी वर जाऊन थांबते आणि तीही एका दिवसाच्या आत. अर्धायुष्य २६ तासांचं असलेल्या बाळात मात्र चोवीस तासांनी ती ३.७ होते, दोन दिवसांनी ५.२, तीन दिवसांनी ५.९ आणि शेवटी पावणेसातच्या आसपास ठरते. मोरी तुंबलेली असताना बादलीवर बादली ओतत राहावं तसं. मुळात एकेक मात्राच दुप्पट-तिप्पट, त्यात ही साठवण.

आणि तिसरा-चौथा दिवस का, याचंही उत्तर इथेच मिळतं. अर्धायुष्य लांब असलं की पातळी माथ्यावर पोचायलाही तितकाच जास्त वेळ लागतो. पहिले दोन दिवस बाळ बरं दिसत होतं ते औषध सोसत होतं म्हणून नव्हे. विषाची पातळी अजून भरत होती म्हणून.

रक्तातली उपयुक्त पातळी मिलिलिटरमागे साधारण १० ते २५ मायक्रोग्रॅमची. ५० च्या वर गेलं की राखाडी बाळाचा धोका सुरू होतो. एवढ्या पातळीला औषध जंतूंपुरतं थांबत नाही. जिवाणूंच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, ते अडवतं आणि आपल्या पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे रायबोसोम जिवाणूंच्याच धर्तीचे असतात. शिवाय जास्त प्रमाणात ते मायटोकाँड्रियातली इलेक्ट्रॉनांची साखळीही रोखतं. हृदयाच्या स्नायूला ऊर्जा मिळेनाशी होते, रक्ताभिसरण ढेपाळतं, रक्तात आम्ल साचतं. कातडी राखाडी दिसते ती त्यामुळे.

मूत्रपिंडाचाही वाटा होता. नवजात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता प्रौढाच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे यकृताच्या तावडीतून सुटलेलं मूळ औषध तर मागे राहायचंच, पण यकृताने जे काही थोडंफार जोडून दिलं होतं तेही रेंगाळायचं. दोन्ही दारं अर्धवट बंद.

अपुरं की वेगळ्या कामाचं?

पाठ्यपुस्तकात याला 'यकृताची अपरिपक्वता' म्हणतात आणि विषय मिटवतात. मला हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रौढ यकृताची कच्ची प्रत नसतं. त्याचं कामच वेगळं असतं.

बिलिरुबिनचं उदाहरण घ्या. जोडणी न झालेलं बिलिरुबिन वारेतून आईच्या रक्तात सहज जातं आणि पुढची विल्हेवाट आईचं यकृत लावतं. जोडणी झालेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते वारेच्या पडद्यातून पलीकडे जात नाही. ते बाळातच अडकेल. म्हणजे बिलिरुबिनला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणारं यूजीटी१ए१ हे एन्झाइम गर्भात जवळजवळ बंद असणं ही उणीव नाही, सोय आहे. जपानच्या कावाडे आणि ओनिशी यांनी १९८१ मध्ये मोजलं तेव्हा सतरा ते तीस आठवड्यांच्या गर्भात या एन्झाइमचं काम प्रौढाच्या ०.१ टक्का आढळलं, तीस ते चाळीस आठवड्यांत १ टक्का. जन्मानंतर ते झपाट्याने वाढत सुमारे चौदा आठवड्यांत प्रौढाच्या पातळीला पोचलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे घड्याळ जन्मापासून चालू होतं. बाळ लवकर जन्मलं, तर एन्झाइमही लवकर वाढायला लागतं, भरलेल्या दिवसांची वाट बघत नाही. नाळ कापली की वारेची सोय संपली, ही खबर यकृताला लागते.

तोवरचे काही दिवस जवळपास प्रत्येक घराला माहीत असतात : बाळ पिवळं दिसतं, डॉक्टर बिलिरुबिन तपासतात, जास्त निघालं तर निळ्या दिव्याखाली ठेवतात. ही नेहमीची कावीळ आणि लॉस एंजेलिसची राखाडी बाळं एकाच कुळातल्या एन्झाइमांच्या अशाच संथ सुरुवातीची दोन रूपं आहेत. पहिली बहुतेक वेळा आपोआप ओसरते, कारण शरीरात रोज किती बिलिरुबिन तयार होणार याला मर्यादा असते. दुसरीत माल बाहेरून येत होता, दर काही तासांनी.

सगळीच एन्झाइमं मागे असतात असंही नाही. औषधं मोडणाऱ्या सीवायपी या दुसऱ्या कुळातलं सीवायपी३ए७ नावाचं एन्झाइम गर्भातल्या यकृतात भरपूर असतं. प्रौढात ते जवळपास नसतंच. त्याचं एक काम ठळक आहे : गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या डीएचईए-सल्फेट या द्रव्यावर प्रक्रिया करायची, म्हणजे त्यापासून वारेला एस्ट्रिऑल हे संप्रेरक बनवता येतं. जन्मानंतर पहिल्या आठवड्याच्या सुमारास ते उतरणीला लागतं आणि त्याची जागा घेणारं, प्रौढातल्या असंख्य औषधांचं विघटन करणारं सीवायपी३ए४ चढू लागतं. महिन्याभरात ते प्रौढाच्या तीस-चाळीस टक्क्यांवर आलेलं असतं. एक खाली जातंय, दुसरं वर येतंय आणि मधल्या आठवड्यांत दोन्ही कमी-अधिक. सीवायपी२ई१ जन्मानंतर काही तासांतच जागं होतं. कॅफीन मोडणारं सीवायपी१ए२ सर्वांत आळशी, त्याला महिने लागतात.

सल्फेट जोडण्याची यंत्रणा तर गर्भातच चांगली चालू असते. म्हणून नवजात बाळ पॅरासिटामॉल निभावून नेतं : मोठ्यांत ते मुख्यतः ग्लुक्युरोनाइड होऊन जातं, तान्ह्यात सल्फेट होऊन. क्लोरॅम्फेनिकॉलला अशी दुसरी वाट मिळाली नाही. दोन्ही औषधं यकृतातूनच जाणारी, पण एक खपून गेलं आणि दुसरं जिवावर उठलं, ते एवढ्या फरकामुळे. 'नवजात यकृताला औषध झेपत नाही' हे सरसकट विधान त्यामुळे फारसं उपयोगाचं नाही. कुठलं औषध, कुठल्या एन्झाइमच्या वाटेने आणि बाळ किती दिवसांचं, हे तिन्ही माहीत असल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

माहिती होती, जोड नव्हती

या प्रकरणात मला सर्वांत टोचणारी बाब वेगळीच आहे. ग्लुक्युरोनिक आम्ल यकृतात कुठल्या सक्रिय रूपातून जोडलं जातं, हे डटन आणि स्टोरी यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. १९५८ मध्ये लेथ आणि वॉकर यांनी माणसाच्या नवजात यकृतात बिलिरुबिनची जोडणी अगदी कमी होत असल्याचं छापलं. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या ब्राउन आणि झुल्झर यांनी गिनीपिगच्या यकृतात ही यंत्रणा जन्मानंतर कशी उभी राहते हे दाखवलं. क्लोरॅम्फेनिकॉल ग्लुक्युरोनाइड होऊनच बाहेर पडतं, हेही कंपनीला आणि औषधशास्त्रज्ञांना ठाऊक होतं.

म्हणजे १९५८ साली ही सगळी विधानं छापील स्वरूपात होती. ती एकत्र ठेवली, की अनुमान शाळकरी पातळीचं : या बाळांत हे औषध साचणार. पण कावीळवाले कावीळ बघत होते आणि जंतुसंसर्गवाले जंतू. बिलिरुबिन हा शरीराचा स्वतःचा कचरा आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे बाहेरचं औषध, दोन्ही एकाच खिडकीपाशी रांगेत उभे राहतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यात मुलांच्या मात्रा ठरवायचे नियमही जुने होते. क्लार्कचा नियम वजनावर, यंगचा नियम वयावर. दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ. यंगच्या सूत्रात नवजात बाळाचं वय घातलं, तर मात्रा शून्य येते. निदान क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत ते उत्तर क्लार्कच्या उत्तरापेक्षा सुरक्षित ठरलं असतं, हा विनोद कडूच आहे.

वजनाचा हिशेब दुसऱ्या टोकालाही चुकतो. वर्ष-दोन वर्षांच्या पुढच्या मुलाचं यकृत शरीराच्या मानाने मोठं असतं आणि एन्झाइमं जोमात आलेली असतात. त्यामुळे दम्यावरच्या थिओफिलिनसारखं औषध किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त द्यावं लागतं. तेच थिओफिलिन कमी दिवसांच्या नवजात बाळात इतकं सावकाश मोडतं, की त्याचा काही भाग चक्क कॅफीनमध्ये बदलतो आणि तसाच साचतो. कॅफीनचं अर्धायुष्य मोठ्या माणसात पाचेक तास, अशा बाळात शंभर तासांच्या घरात. श्वास मध्येच थांबणाऱ्या बाळांना आज कॅफीन दिवसातून एकदाच देतात ते यामुळे. १९५९ मध्ये ज्या संथपणाने बाळांचा जीव घेतला, त्याच्याच हिशेबाने इथे मात्रा बेतली जाते.

पुढे काय झालं

बदल तातडीने झाला. भरल्या दिवसांच्या बाळाला पहिले दोन आठवडे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिवसाला किलोमागे २५ मिलिग्रॅमहून जास्त देऊ नये, भरल्या दिवसांच्या बाळाला दोन आठवड्यांनंतर ५० पर्यंत जावं, असा नियम रूढ झाला. 'आजार होऊ नये म्हणून' क्लोरॅम्फेनिकॉल देणं तर बंदच झालं. राखाडी पडलेल्या बाळासाठी औषध तत्काळ थांबवणं हा पहिला उपाय. त्याच्या जोडीला रक्त बदलून आणि पुढे कोळशाच्या गाळणीतून रक्त फिरवून औषध काढण्याचेही प्रयत्न झाले.

पण २५ चा आकडा ही ढाल पुरेशी नव्हती. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन बाळांना सारखी मात्रा दिली, तरी रक्तातल्या पातळ्या कितीतरी वेगळ्या निघायच्या. शिरेतून द्यायचं सक्सिनेट रूप आधी शरीरात मोडून मूळ औषध सुटं व्हावं लागतं. हे मोडणं किती वेगाने होतं आणि त्याआधीच किती लघवीतून निसटतं, हे प्रत्येक बाळात निराळं. तोंडावाटे द्यायच्या पामिटेट रूपाला स्वादुपिंडाच्या रसाची गरज आणि तो तान्ह्यात कमी. म्हणून नवजात बाळात हे औषध द्यावंच लागलं, तर रक्तातली पातळी मोजत राहणं हाच खरा आधार उरला. अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध देतानाही हाच विचार लागू होतो, कारण क्लोरॅम्फेनिकॉल दुधातही उतरतं.

नियामक पातळीवर वेग असा नव्हता. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या हाहाकारानंतर अमेरिकेने १९६२ मध्ये औषधांचे कायदे कडक केले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. मुलांत चाचणी करणं अवघड, महाग आणि जोखमीचं. मग कंपन्यांनी लेबलवर 'मुलांसाठी सुरक्षितता सिद्ध झालेली नाही' असं लिहून हात झटकले. हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांना 'औषधांच्या बाबतीतली अनाथ' म्हटलं. लॉस एंजेलिसचा अनुभव नेमका उलटं सांगत होता : चाचणी न करता सवयीने दिलं जाणारं औषधच सर्वांत जास्त जोखमीचं.

घात करणारा पदार्थ दर वेळी औषधच असतो असंही नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या नवजात विभागांत काही कमी दिवसांची बाळं धापा टाकत, रक्तात आम्ल साचून दगावू लागली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं बेंझिल अल्कोहोल. शिरेतल्या नळ्या धुवायच्या सलाइनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून ते घातलेलं असायचं. प्रौढ यकृत त्याचं बेंझोइक आम्ल करतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि बाहेर पाठवतं. या बाळांत ग्लायसिन जोडण्याची पायरी कमकुवत होती, म्हणून बेंझोइक आम्ल साचलं. तेवीस वर्षांनी तीच गोष्ट, फक्त एन्झाइम दुसरं. आणि सलाइनच्या बाटलीत काय काय आहे, हे कुणी औषध म्हणून बघितलंच नव्हतं.

आपल्या घरांत बाळाला पहिल्या महिन्यातच गुटी उगाळून देण्याची पद्धत आहे. त्यातल्या वेखंडात असारोन असतं, जायफळात मिरिस्टिसिन. दोन्ही यकृतातल्याच एन्झाइमांना मोडावी लागतात. 'नैसर्गिक' हा शब्द त्या एन्झाइमांना कळत नाही. किती वळसे उगाळले एवढंच आजी बघते आणि बाळ तीन दिवसांचं आहे की तीन महिन्यांचं, याने हिशेब किती बदलतो ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

क्लोरॅम्फेनिकॉल अजून वापरात आहे. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात, जिथे दुसरी औषधं मिळत नाहीत तिथे, मोठ्या मुलांना ते देतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते देऊ नये आणि पहिल्या आठवड्यातल्या बाळाला शक्यतो टाळावं, अशी सूचना त्यासोबत असते.